किडनीचा जुना आजार आणि ताटातले धोके: मराठवाड्यातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. किडनीच्या आणि डायलिसिसच्या पेशंटना काय खावं, काय टाळावं हे समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. पेशंट लातूरचा असो, बीडचा असो की हिंगोलीचा, प्रश्न बहुतेक तेच असतात. बरेचदा ते बाहेर पडता पडता दारात विचारले जातात, म्हणून इथे निवांतपणे उत्तरं लिहिली आहेत. तुमचे डॉक्टर तुमचा रिपोर्ट बघून वेगळं काही सांगत असतील तर त्यांचंच ऐका.

क्रिएटिनिन वाढलंय. आता काय काय बंद करायचं?

क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी थकली की तो वाढतो. रिपोर्ट घरी आला की पहिल्यांदा बंदीची यादी तयार होते. वरण बंद, दूध बंद, फळं बंद, टोमॅटो बंद, आंबट बंद. शेजारचे दोन पदार्थ वाढवतात, पाहुणे आणखी चार. दोन-तीन महिन्यांत पेशंटच्या अंगावरचं मांस उतरतं, जेवणावरची वासना उडते आणि सगळे म्हणतात, आजार वाढला. अनेकदा आजारापेक्षा उपासमारच वाढलेली असते.

पथ्य रिपोर्टवरून ठरतं. रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), जीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा), दिवसाची लघवी आणि पायावरची सूज एवढं बघितल्याशिवाय कुणी यादी हातात दिली तर ती तुमच्यासाठी नाही असं समजा. पोटॅशियम ४.२ आहे, लघवी व्यवस्थित होते, आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे, अशा माणसाला केळं सोडायला लावून काही साधत नाही. तेच पोटॅशियम ५.८ असेल तर एक नारळपाणीसुद्धा महागात पडू शकतं. मीठ मात्र जवळपास सगळ्यांनाच कमी करावं लागतं.

मुतखड्याला भरपूर पाणी, नारळपाणी, कुळथाचं कढण सांगतात. तेच इथे चालेल ना?

नाही. हा सगळ्यात घातक गोंधळ आहे. मुतखड्याच्या माणसाची किडनी बहुतेक वेळा चांगली चालू असते, पाणी आणि क्षार बाहेर टाकू शकते. क्रॉनिक किडनी डिसीजमध्ये, म्हणजे किडनीच्या जुन्या आजारात, नेमकी तीच ताकद गेलेली असते. एकाला जे औषधासारखं लागू पडतं ते दुसऱ्याच्या छातीत पाणी भरू शकतं. गावात कुणी ‘मलाही किडनीचाच त्रास होता’ म्हणत उपाय सांगायला लागलं तर आधी विचारा, खडा होता की क्रिएटिनिन वाढलं होतं?

पोटॅशियम वाढलं तर अंगाला कळतं का?

बहुतेक वेळा कळत नाही, आणि भीती त्याचीच आहे. साधारण ३.५ ते ५ हे प्रमाण ठीक. ६ च्या पुढे गेलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडायची शक्यता वाढत जाते. काहींना पायात गळून गेल्यासारखं वाटतं, उठताना मांड्या साथ देत नाहीत, नाडी मंद होते, मुंग्या येतात. काहींना काहीच होत नाही आणि एकदम ठोका थांबतो. म्हणून ‘खाऊन बघू, त्रास झाला तर सोडू’ ही रीत पोटॅशियमच्या बाबतीत चालत नाही.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्यांनी मधल्या मोठ्या खंडात जास्त जपायचं. सोमवार-गुरुवार डायलिसिस असेल तर शनिवार-रविवार हे धोक्याचे दिवस, आणि लग्नं, जावळं, पाहुण्यांच्या पंगती नेमक्या त्याच दिवशी असतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. पण म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्यांची खरंच गरज असते. रक्त मात्र वेळेवर तपासा.

वडिलांना फार अशक्तपणा आहे. नारळपाणी दिलं तर?

दवाखान्यात भेटायला येणारा माणूस हातात शहाळं घेऊन येतो. त्याच्या मनात माया असते, म्हणून कुणी अडवत नाही. पण एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. ज्याला पोटॅशियमचं पथ्य आहे त्याला दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून २००० ते २५०० मिलिग्रॅमची मुभा असते. म्हणजे दिवसाचा जवळजवळ पाव वाटा एका शहाळ्यात गेला. वर ते पाणी पातळ असल्यामुळे पोटातून रक्तात झपाट्याने उतरतं. भाजीतलं पोटॅशियम सावकाश येतं, रसातलं आणि पाण्यातलं एकदम.

किडनी साठ टक्के काम करत असेल आणि पोटॅशियम कमीच राहत असेल तर डॉक्टर स्वतः नारळपाणी प्यायला सांगू शकतात. त्यांनी सांगितलं तरच. डायलिसिसवर असलेल्या माणसाला शहाळं देऊच नका. भेटायला येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होणार नाही.

जालन्याची मोसंबी, बालाघाटातलं सीताफळ, केसर आंबा. घरचीच बाग आहे, सगळं सोडायचं का?

जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्याच्या शेतात ही झाडं उभी आहेत त्याला ‘फळ खाऊ नका’ म्हणून सांगणं मलाही जड जातं. म्हणून मी मापाची भाषा वापरते.

एक मध्यम मोसंबी सोलून, फोडी करून खाल्ली तर पोटॅशियम आटोक्यात असलेल्या बहुतेकांना चालते. रसाचा ग्लास चालत नाही, कारण एका ग्लासात तीन-चार मोसंब्या पिळल्या जातात आणि पाण्याचा हिशोबही वाढतो. केसरच्या दोन-तीन फोडी आणि वाटीभर आमरस यांतही तोच फरक आहे. मोठी वाटी रस म्हणजे ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटॅशियम, आणि त्यात दूध घातलं तर फॉस्फरसही आला. सीताफळाचं एक लहान फळ एखाद्या वेळी, तेही रिपोर्ट चांगला असेल तेव्हा. टोपली समोर ठेवून गप्पा मारत बसू नका, हाताला माप राहत नाही.

सफरचंद, पेर, अननस, जांभूळ यांच्यात पोटॅशियम तुलनेने कमी आहे. टरबुजातही कमीच, पण टरबूज कुणी एक फोड खाऊन थांबत नाही आणि ते जवळपास सगळं पाणीच असतं. केळं, चिकू, खजूर, जर्दाळू, मनुके आणि सुकामेवा टाळलेला बरा.

उसाच्या रसाचं विचारतात. रसवंतीचा ग्लास मोठा, बर्फ कुठल्या पाण्याचा ते माहीत नसतं, शुगरचा पेशंट असेल तर आणखी भर. नकोच.

कमरख खाल्ल्यानं खरंच जीव जातो?

हो. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

कमरख म्हणजे ते पाच कडांचं, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबटगोड फळ. काही ठिकाणी करंबळही म्हणतात. गाड्यावर तिखटमीठ लावून मिळतं, शहरात फळांच्या दुकानात आणि ज्यूस सेंटरवरही दिसतं. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, म्हणून त्याबद्दल कुणाला संशय येत नाही. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं विष असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये शोधून काढलं. चांगली किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. खराब किडनीत ते साचतं आणि मेंदूपर्यंत पोहोचतं. शिवाय त्यात ऑक्झलेट (किडनीत साचणारा एक क्षार) भरपूर असल्यामुळे उरलीसुरली किडनीही बसते.

पहिली खूण म्हणजे उचकी. साधी नाही, काही केल्या न थांबणारी. मग उलट्या, असंबद्ध बोलणं, गुंगी आणि झटके. अर्ध्या फळानेही माणसं गंभीर झाल्याच्या नोंदी आहेत. किडनीच्या पेशंटनं कमरख खाल्लं आणि उचकी लागली तर घरी साखर चघळायला देत बसू नका. थेट डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, ‘कमरख खाल्लंय.’ लवकर डायलिसिस सुरू झालं तर माणूस वाचतो. झटके सुरू झाल्यावर काम अवघड होतं.

याला माप नाही. एक फोडही नाही, लोणच्यातही नाही, रसातही नाही.

साधं मीठ बंद करून सैंधव सुरू केलंय. बरोबर आहे ना?

सैंधव म्हणजेही प्रामुख्यानं सोडियम क्लोराइडच. गुलाबी असलं, खड्याचं असलं, उपवासाला चालत असलं तरी किडनीला ते मीठच. सैंधव आहे म्हणून दोन चिमटी जास्त घातलं तर सूज आणि बीपी दोन्ही वाढणार.

त्याहून मोठा धोका आहे तो दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठाचा. बीपीच्या माणसाला चांगलं म्हणून शहरातला मुलगा कौतुकानं पाकीट आणून देतो. त्यात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटॅशियम असतं. म्हणजे भाजी, आमटी, भाकरी, सगळ्यातून नकळत पोटॅशियम पोटात जात राहतं आणि घरचे म्हणतात, ‘आम्ही तर पथ्य पाळतोय.’ जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली, पण किडनीचा आजार असणाऱ्यांना त्यातून वगळलं आहे. पाकिटावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का ते वाचा. असेल तर ते मीठ त्या घरातल्या पेशंटच्या ताटात नको.

मग करायचं काय? दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच साधं मीठ. त्यात सगळं आलं. सकाळी पेशंटचं मीठ एका डबीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच वापरा, ही युक्ती बऱ्याच घरांत चालते. भाकरीच्या पिठात मीठ घालायची गरजच नसते. ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, शेव, फरसाण, खारी, पाकिटातले नूडल्स यांचं मीठ डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यातल्या पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे सोडियम दोन वाटांनी येतं. चवीसाठी लिंबाचे चार थेंब, जिरं, ओवा, लसणाची फोडणी, कोथिंबीर, हिरवी मिरची वापरा. पहिले पंधरा दिवस जेवण अळणी लागतं, नंतर जीभ सरावते.

भाज्यांमधलं पोटॅशियम काढता येतं म्हणतात. कसं?

पोटॅशियम पाण्यात विरघळतं, त्याचा फायदा घ्यायचा. बटाटा, रताळं, गाजर, शेवगा, पालेभाजी सोलून-चिरून लहान फोडी करा. भरपूर कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा, ते पाणी ओता. परत भरपूर पाण्यात उकळा, तेही पाणी ओता. मग फोडणी द्या. बटाट्याचं अशा रीतीनं साधारण निम्मं पोटॅशियम निघून जातं. पूर्ण जात नाही, म्हणून असा बटाटाही रोज नाही आणि ढीगभर नाही. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत आटवलं तर काहीच साधत नाही.

दुधी, दोडका, कोबी, काकडी, ढोबळी मिरची, तोंडली यांना एवढा खटाटोप लागत नाही. दुधीचा कच्चा रस मात्र कधीही नको. दुधी कडू निघाला तर त्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन निरोगी माणसंही दगावली आहेत. पालक, चुका, चाकवत, राजगिरा यांत पोटॅशियमबरोबर ऑक्झलेटही असतं. हिरव्या पाल्याचा रस रोज सकाळी पिऊन किडनी बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. शेवग्याच्या पाल्याची पावडर ताकदीची म्हणून विकतात. ताकद आहे, पोटॅशियमही तेवढंच आहे.

तुरीचं वरण बंद करायला सांगितलंय. मग भाकरी कशाशी खायची?

कुणी सांगितलं आणि कधी, ते महत्त्वाचं आहे.

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, आजार पुढे गेलेला असताना, प्रथिनं मोजून घ्यावी लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. यात दिवसाला एक वाटी वरण सहज बसतं. तीस ग्रॅम कोरडी तूरडाळ म्हणजे साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि ४०० मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम. डाळ दोन तास भिजवून पाणी ओतून द्या, पोटॅशियम आणखी उतरेल. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तुरीला मानांकन मिळालंय. तिथल्या माणसाला वरणाशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच, आणि ती शिक्षा द्यायचं काही कारण नाही.

डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. प्रत्येक डायलिसिसमध्ये रक्तातून प्रथिनांचे घटक निघून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे साधारण दीडपट. पण घरात जुनं पथ्यच चालू राहतं. आजी डायलिसिसवर असते आणि ताटात भात, पाणीदार आमटी, दुधीची भाजी. अल्ब्युमिन घसरतं, सूज येते, जंतुसंसर्ग होतो. डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात आहाराची चिठ्ठी नव्यानं लिहून घ्या. अंड्याचा पांढरा भाग याला उत्तम. एकातून साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. माळकरी असाल तर पनीर आणि भिजवून पाणी काढलेल्या डाळी, तुमच्या रिपोर्टनुसार.

पुरणपोळी चालेल का?

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवतात आणि कट निथळून घेतात. डाळीतलं बरंच पोटॅशियम त्या कटात उतरतं. म्हणजे पुरण त्या मानानं सौम्य आणि कटाची आमटी जास्त पोटॅशियमची. वर आमटीत चिंच, खोबरं, येसर आणि मीठ. सणाला एक पोळी खा, शुगर असेल तर अर्धी. पुरणात गुळाऐवजी साखर घाला, कारण गुळात पोटॅशियम बरंच असतं. पोळीबरोबर चमचाभर तूप घ्या, आमटी भुरकू नका. गुळवणी नको.

ज्वारीची भाकरी की गव्हाची पोळी?

दोन्ही चालतात. ज्वारीत फॉस्फरस आहे, पण धान्यातला फॉस्फरस आतड्यातून कमीच शोषला जातो. जेवणात एक-दीड भाकरी चालेल, भूक आणि शुगर बघून. पोटॅशियम फारच वाढलं असेल तर काही दिवस भात जास्त, भाकरी कमी. ज्यांचा जन्म भाकरीवर गेला त्यांना ओट्स खायला लावू नका.

वेळ अमावस्येला शेतात जेवण असतं. नेऊ की नको?

न्या. वर्षातून एकदाचा दिवस, त्यांना घरी ठेवून सगळं घर शेतात गेलं तर माणूस खचतो.

पण ताटातलं नीट बघा. येळवसाची भज्जी म्हणजे ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, शेंगदाणे आणि चिंच एकत्र. किडनीला जड असलेलं बहुतेक सगळं एकाच भांड्यात. पोटॅशियमचं पथ्य असणाऱ्याला त्यातली दोन चमचे, चव म्हणून. आंबिल ही पाण्यात मोजा. ताक, ज्वारीचं पीठ आणि मीठ, आणि मडक्यातली थंडगार आंबिल तांब्याने प्यायची सवय असते. डायलिसिसवर असेल तर एक लहान वाटी. उंडे आणि गव्हाची खीर थोडी-थोडी. घरून पेशंटसाठी वेगळी दुधीची किंवा कोबीची भाजी डब्यात न्या.

हुरडा लहान मूठभर. त्याच्याबरोबरची शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही नेमकं जास्त खाल्लं जातं, तिथे हात आखडा.

एकादशी सोडवत नाही. आणि रोजे?

एकादशीला साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे. त्याच्यातला शेंगदाण्याचा कूट, बटाटा, सोबतीचं रताळं, केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, हे सगळं पोटॅशियमचं. उपवासाच्या दिवशी पोटॅशियम रोजच्यापेक्षा जास्त आणि प्रथिनं जवळपास शून्य, असं होतं. भगर बरी, वर तूप-जिऱ्याची फोडणी आणि काकडी. आषाढीला तर मी पेशंटना हात जोडून सांगते की यंदा विठ्ठलाला नुसता नमस्कार करा.

रोजा धरायचा की नाही हे डॉक्टरांना रमजानच्या आधी विचारा. डायलिसिसवर असलेल्यांना आणि आजार पुढे गेलेल्यांना सहसा नको सांगतात, आणि आजारी माणसाला धर्मानंही सवलत दिलेली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर इफ्तारला एक खजूर, मूठभर नाही. हलीममध्ये डाळी, गहू आणि गोश्त एकत्र असतात, ते चवीपुरतं.

दूध, खवा, पेढा?

यांच्यात प्रश्न फॉस्फरसचा. वाढलेला फॉस्फरस सुरुवातीला अंगाला खाज सुटून कळतो, मग हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्या कडक होतात. शंभर मिली दुधात साधारण ९५ मिलिग्रॅम फॉस्फरस. दिवसाला एक कप दूध किंवा वाटीभर दही बहुतेकांना बसतं. खव्यात मात्र दूध आटलेलं असतं. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध लागतं, म्हणजे शंभर ग्रॅम कुंथलगिरीचा खवा खाल्ला तर अर्धा लिटर दूध आटवून प्यायल्यासारखं आहे. पेढा एखादा, खव्याची पोळी नको.

डॉक्टरांनी फॉस्फरसची गोळी दिली असेल, कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलामर, तर ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्या. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच पकडते. रिकाम्या पोटी घेतली तर पकडायला काही नसतं.

काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पाकिटातल्या टिकाऊ पदार्थांमध्ये फॉस्फेट मिसळलेलं असतं. हा फॉस्फरस जवळपास सगळा शोषला जातो. दूध सोडून कोल्ड्रिंक पिणारे पेशंट मी बघते, तेव्हा फार वाईट वाटतं.

मटण?

डायलिसिसवर असाल तर आठवड्यातून एकदा दोन-तीन तुकडे, रस्सा न घेता. नळी, कलेजी, पाया आणि सूप नको. सुरुवातीच्या टप्प्यात असाल तर डॉक्टरांना विचारून. नान-कलिया किंवा बिर्याणी बाहेरून आणली असेल तर त्यातलं मीठ तुमच्या हातात नसतं, त्या दिवशी बाकी जेवण अळणी ठेवा.

पाणी किती प्यायचं? आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो.

डायलिसिसवर असलेल्यांनी: काल जेवढी लघवी झाली, अधिक साधारण ५०० मिली. लघवी एका मापाच्या बाटलीत दिवसभर जमा करून बघा. चहा, ताक, आमटी, पेज, बर्फ, आइस्क्रीम सगळं या हिशोबात येतं. घाम फार येत असेल तर किती वाढवायचं ते डायलिसिस सेंटरला विचारा. रोज सकाळी वजन करा. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन-अडीच किलोपेक्षा जास्त वाढत असेल तर ते पाणी आहे, तब्येत सुधारलेली नाही. तहान मिठानं लागते, मीठ कमी झालं की पाणी आपोआप कमी लागतं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, लिंबाची फोड चोखा, छोट्या वाटीनं प्या.

ओआरएस स्वतःहून पिऊ नका. त्यात सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतं. जुलाब होत असतील तर फोन करून विचारा.

आता उलटी बाजू. आजार सुरुवातीचा आहे, लघवी भरपूर होते, सूज नाही, अशा माणसानं पाणी तोडायचं नाही. ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर उन्हात राबणारे लोक दिवसभर कमी पाणी पितात आणि रात्री अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी घेतात. शरीरात पाणी कमी असताना ही गोळी किडनीवर सरळ घाव घालते. बीड-धारूरकडच्या तोडीला जाणाऱ्या बाया-माणसांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते: पाणी प्या, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काढा, भस्म, झाडपाला यांनी क्रिएटिनिन उतरतं असं ऐकलंय.

आशा लागलेल्या माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो, तरी स्पष्ट सांगते. कितीतरी झाडपाल्यांच्या काढ्यात पोटॅशियम उतरतं, कारण काढा म्हणजे झाडाचा पाण्यात उतरवलेला अर्कच. नोनी नावाच्या फळाच्या रसानं पोटॅशियम वाढल्याची नोंद आहे. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडला आहे आणि त्यांनी किडनी खराब होते. सापसण म्हणजेच ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्यानं किडनी कायमची जाते आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही होतो.

रोहू-कटला माशाचं पित्त शुगरसाठी, नजरेसाठी गिळायला सांगतात. त्यानं धडधाकट माणसाचीही किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते आणि लिव्हरलाही मार बसतो. शिजवूनही ते विष जात नाही.

आमच्या वसमत-हिंगोलीच्या हळदीचं विचारतात. भाजीतली चिमूटभर हळद खुशाल खा. हळदीच्या कॅप्सूल किंवा रोजचा चमचा-चमचा फक्का नको, त्यातलं ऑक्झलेट किडनीत साचतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांचंही तसंच.

काहीतरी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील या भीतीनं लोक सांगत नाहीत, आणि मग कशानं बिघडलं तेच कळत नाही.

आईची शुगर एकदम उतरते. तेव्हा मोसंबीचा रस देऊ का?

नाही, साखर द्या. चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत तपासा. रसानं शुगर चढेल पण पोटॅशियमही चढेल. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून शुगर वारंवार उतरायला लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

किडनी बदलल्यावर सगळं खाता येतं ना?

बरंच. पण टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते औषध) चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट कायम बंद, त्यांनी औषधाची रक्तातली पातळी वाढते. या औषधानं पोटॅशियमही वाढू शकतं. पहिले काही महिने उघड्यावरचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं, न उकळलेलं दूध आणि हॉटेलातली कोशिंबीर नको.

नको ते खाल्लं गेलंय. आता काय करू?

कमरख किंवा माशाचं पित्त असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता निघा. नारळपाणी, रस, खजूर असं काही जास्त झालं असेल आणि पाय गळून गेले, छातीत धडधड किंवा नाडी मंद वाटली, श्वास लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ईसीजी आणि डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात जा. गावातल्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. शेवटचा रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी आणि डायलिसिसची फाइल बरोबर घ्या. गेल्या गेल्या तीन गोष्टी सांगा: किडनीचा आजार आहे, शेवटचं डायलिसिस कधी झालं, आणि काय, किती वाजता खाल्लं. फिस्तुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातात सुई टोचू देऊ नका, बीपीही दुसऱ्या हातावर बघायला सांगा.

लक्षणं काहीच नसतील तरी दुसऱ्या दिवशी पोटॅशियम तपासून घ्या आणि डायलिसिस सेंटरला खरं काय ते सांगा. ते डायलिसिसची वेळ अलीकडे घेऊ शकतात.